शहराच्या मध्यभागी वाहणारा झरा: सोफियातील सार्वजनिक पाणी आणि आपल्याकडचे झरे

बाल्कनवासी

बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे जुन्या मध्यवर्ती स्नानगृहाच्या शेजारी दगडी बांधणीच्या तोट्या आहेत आणि त्यांतून सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे नैसर्गिक खनिजयुक्त पाणी वाहत असते. हे पाणी कोणीही विनामूल्य पिऊ शकतो आणि घरी भरून नेऊ शकतो. कामानिमित्त मी या शहरात राहतो आणि बाजारात जाताना वाटेत या तोट्या लागतात. थंडीच्या दिवसांत तेथे सर्वांत जास्त वर्दळ असते. वृद्ध दांपत्ये पाच-पाच लिटरचे कॅन चाकांच्या पिशवीत घालून येतात, महाविद्यालयीन मुले एखादी बाटली भरून पुढे जातात, आणि पर्यटक मात्र हात लावून पाणी खरोखर गरम असल्याची खात्री करून घेतात व बहुधा न पिताच निघून जातात.

हा परिसरही पाहण्यासारखा आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या, रंगीत चिनी मातीच्या नक्षीने सजवलेल्या स्नानगृहाची इमारत १९१३ साली लोकांसाठी खुली झाली, १९८६ साली बंद पडली आणि २०१५ पासून तिच्यात सोफिया शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. समोरच १६व्या शतकातील बान्या बाशी मशीद आहे, पलीकडे जुनी मंडई आहे, आणि थोड्या अंतरावर मेट्रोच्या बांधकामाच्या वेळी मोकळे झालेले रोमन काळातील सेर्डिका नगराचे अवशेष आहेत. रोमनांनी येथे स्नानगृहे बांधली, उस्मानी राज्यकर्त्यांनी बांधली आणि आधुनिक बल्गेरियानेही बांधली. राज्ये बदलली, पण पाण्याची जागा तीच राहिली.

मला या मंचावरील सदस्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडील शहरांमध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या डोंगरात नव्हे तर भर वस्तीत, असा सार्वजनिक झरा कोणाच्या पाहण्यात आहे का, आणि तेथील पाणी लोक आजही पितात का? दुसरे असे की, झऱ्याचे पाणी निर्धास्तपणे पिता यावे यासाठी शहराने नेमके काय करायला हवे असे आपल्याला वाटते? माझे मत आधीच सांगतो. शहरातील पिण्यायोग्य झरा ही त्या शहराच्या आरोग्याची खरी कसोटी आहे, कारण झरा शुद्ध ठेवायचा तर त्याच्या वरची आणि भोवतालची सगळी जमीन शुद्ध ठेवावी लागते.

कोकणकडा

विषय फार आवडला. ४६ अंशांचे पाणी पितात हे वाचून मात्र आश्चर्य वाटले. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथे आणि पलीकडे ठाणे-पालघरकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत, पण त्यांचा उपयोग स्नानासाठी होतो. त्वचेच्या विकारांवर ते गुणकारी मानतात. पिण्यासाठी कोणी कॅन भरून नेताना मी पाहिलेले नाही, कारण बहुतेक ठिकाणी गंधकाचा वास येतो. सोफियाच्या पाण्याला तसा वास नाही का?

बाल्कनवासी

कोकणकडा, मला तरी तसा ठळक वास जाणवलेला नाही. पाणी मऊ लागते आणि निवल्यानंतर चव अधिक चांगली लागते. येथील भूरचना अशी आहे की, शहर एका खचलेल्या खोऱ्यात वसलेले आहे आणि दक्षिणेला २२९० मीटर उंचीचा वितोशा पर्वत आहे. डोंगराळ भागात मुरलेले पाणी खोल जाऊन तापते आणि भूस्तरातील भेगांमधून पुन्हा वर येते. शहराच्या हद्दीतच क्नियाझेवो, गोर्ना बान्या, ओव्चा कुपेल अशा इतर ठिकाणीही खनिज पाण्याचे झरे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणच्या पाण्याचे कट्टर पुरस्कर्ते आहेत.

रसायनी

मी पाण्याच्या तपासणीच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल धागाकर्त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. 'चव चांगली आहे, पाणी नितळ आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक पीत आले आहेत' हे तिन्ही मुद्दे पाण्याच्या सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाहीत. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) भयंकर साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले. हा पंप चवदार पाण्यासाठी प्रसिद्ध होता. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा स्त्री केवळ चव आवडते म्हणून त्या पंपाचे पाणी मुद्दाम मागवत असे, आणि तिचा मृत्यू पटकीने झाला. तिच्या परिसरात साथ नव्हती. स्नो यांच्या युक्तिवादातील हा सर्वांत बळकट दुवा ठरला.

पंपाखालच्या विहिरीलगत मैलापाण्याचा खड्डा होता. आज आपल्या शहरांत झऱ्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डे, गळकी गटारे आणि गॅरेजचे तेल असते. त्यामुळे अनोळखी झऱ्याचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

गरम झऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खोलवरून येणाऱ्या पाण्यात जंतूंचा धोका तुलनेने कमी असतो, पण फ्लोराइड अधिक असू शकते, आणि ते उकळून जात नाही. भारतीय मानकानुसार फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. युरोपातही लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेल्या खनिज पाण्याच्या बाटलीवर 'सात वर्षांखालील मुलांनी नियमित पिऊ नये' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनी अति फ्लोराइडचे दुष्परिणाम दातांवर आणि हाडांवर भोगलेले आहेत, आणि ते पाणीही दिसायला स्वच्छच होते.

आल्तिनोकर

रसायनी यांचा प्रतिसाद वाचून गोव्यातल्या माझ्या पणजी शहराबद्दल लिहावेसे वाटले. आमच्या शहराच्या मध्यभागी आल्तिनोची जांभ्या दगडाची टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी झरी फुटतात. मळा नावाच्या भागात मारुतीगडाच्या खाली फोंते फेनिक्स नावाची जुनी बांधीव झर आहे, आणि टेकडीच्या दुसऱ्या अंगाला बोक द व्हाक आहे, जिथे गायीच्या मुखातून पाणी पडावे अशी मूळची रचना होती. पर्यटक ज्या फोंताइनास वस्तीत रंगीत घरांची छायाचित्रे काढत फिरतात, ती वस्ती या झरींच्या आधारानेच वाढली. मडगावातही आना फोंतची झर आहे.

आमच्या आजीच्या काळी घरात पिण्याचे पाणी झरीचे आणि वापरायचे विहिरीचे अशी सरळ वाटणी होती. कळशी भरून आणणे हे मुलींचे काम होते आणि झरीवर रांगेत उभे असताना सगळ्या वाड्याची बातमी कळत असे. आता टेकडीवर इमारती वाढल्या आहेत, त्यामुळे माझ्या घरात तरी झरीचे पाणी थेट पिण्याचे धाडस कोणी करत नाही. त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही झर निरुपयोगी झाली असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी तालुक्याचा पाणीपुरवठा काही दिवस बंद पडला. संपूर्ण राजधानी दूरवरून येणाऱ्या एका वाहिनीवर अवलंबून आहे, ही गोष्ट तेव्हा सर्वांना एकदम जाणवली. अशा वेळी पायथ्याशी वाहणारे पाणी निदान धुण्या-भांड्यांसाठी आणि उकळून पिण्यासाठी हाताशी असणे म्हणजे मोठा आधार असतो.

मुळाकाठ

पुण्यात बावधनला राम नदीच्या काठी जिवंत झरा आहे आणि तो वाचवण्यासाठी तेथील नागरिकांनी सातत्याने आवाज उठवला आहे. मी तो भर उन्हाळ्यातही वाहताना पाहिला आहे. भोवती रस्ते आणि इमारती असताना जमिनीतून असे स्वच्छ पाणी बाहेर येते यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही.

पुणेकरांना हे नवीन वाटू नये. नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावातून दगडी नळांनी शहरात पाणी आणले गेले आणि ते पेठांमधील हौदांत खेळवले गेले. वाटेत झिरपणारे भूजलही त्या नळांत मिळत असे. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी हे त्याआधीचे, १७व्या शतकातील मलिक अंबरचे काम. शहरात भूजलावर चालणारी सार्वजनिक व्यवस्था आपल्याकडे होती, तिची निगा राखणारी माणसे नेमलेली होती, आणि नळाचे पाणी घरात आल्यावर आपण ती व्यवस्था अक्षरशः डांबराखाली गाडली.

सांजवेळ

राजापूरची गंगा या धाग्यात बसते का? आमच्या घरी त्या पाण्याची बाटली देवघरात असते आणि घरातली मोठी माणसे ते तीर्थ म्हणून घेतात. ती मध्येच अवतरते आणि मध्येच अंतर्धान पावते, यामागचे कारण कोणी सांगू शकेल का?

भूजलवेडा

सांजवेळ, नक्कीच बसते. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी ही गंगा कुंडांमध्ये प्रकटते, काही काळ वाहते आणि नंतर थांबते. दर तीन वर्षांनी येते अशी परंपरागत समजूत आहे, पण प्रत्यक्षात हा काळ कमी-अधिक होतो. जमिनीखालच्या पोकळीत पाणी एका ठरावीक पातळीपर्यंत साठले की ते वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने एकदम वाहू लागते आणि पोकळी रिकामी झाली की थांबते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. तेथून जवळच गरम पाण्याचाही झरा आहे, त्यामुळे भूजलाच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा एकाच परिसरात पाहायला मिळतात.

आता पणजी आणि पुणे यांच्यातील फरक सांगतो, कारण तो मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे. आल्तिनोचा जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो झपाट्याने पितो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर ते अडले की पायथ्याशी बाहेर पडते. हा प्रवास लहान आणि जलद असल्यामुळे पाण्यात क्षार कमी असतात, ते किंचित आम्लधर्मी असते, आणि गाळले जाण्यास वेळ न मिळाल्याने वरची घाणही तितक्याच वेगाने खाली येऊ शकते. पुण्याकडे बेसाल्टचे थर एकावर एक पसरलेले आहेत. पाणी फटींतून आणि सच्छिद्र थरांतून मुरते, पण घट्ट थर आडवा आला की उतारावर वाट काढते. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधिक असते, म्हणून ते जड लागते. सोफियाचे पाणी या दोहोंपेक्षा कितीतरी खोल जाऊन आलेले असते, त्यामुळे भर वस्तीत असूनही ते वरच्या प्रदूषणापासून बरेचसे सुरक्षित राहते. म्हणजे बाल्कनवासी यांनी मांडलेली कसोटी सोफियापेक्षा पणजीला अधिक कठोरपणे लागू होते, आणि तेथे झर शुद्ध ठेवणे हे अधिक कठीण काम आहे.

भारतात सुमारे ५० लाख झरे असावेत आणि त्यांतील जवळपास ३० लाख हिमालयात आहेत असा अंदाज नीती आयोगाच्या २०१८ सालच्या अहवालात दिलेला आहे. त्यामुळे झऱ्यांवरची चर्चा हिमालयाभोवतीच फिरते, आणि सह्याद्रीतले व शहरांतले झरे मोजण्याइतकेही कोणाच्या लक्षात येत नाहीत.

वाळकेश्वरी

मुंबईकरांच्या वतीने बाणगंगेची नोंद करते. मलबार हिलच्या टोकाशी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या तलावाला गोड्या पाण्याचा जिवंत झरा आहे. रामाने की लक्ष्मणाने बाण मारून पाणी काढले याबद्दल आमच्या घरातच दोन मते आहेत. तलाव शिलाहारांच्या काळापासूनचा मानला जातो आणि १८व्या शतकाच्या आरंभी रामा कामत यांनी तेथील देवस्थानाचा जीर्णोद्धार केला. पितृपक्षात येथे मोठी गर्दी होते आणि विधींचे साहित्य पाण्यात जाते, त्यामुळे हे पाणी पिण्याचा विचारही आता कोणी करत नाही. इतके सांगूनही मी म्हणेन की, समुद्राच्या काठावर शतकानुशतके गोडे राहिलेले पाणी हे मुंबईतील कोणत्याही वास्तूइतकेच मोलाचे आहे.

सिएटलकाठ

येथे वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या उत्तरेला लिनवूड गावाजवळ १६४व्या रस्त्यावर एक सार्वजनिक आर्टेशियन विहीर आहे. तांत्रिकदृष्ट्या तिला झरा म्हणता येणार नाही, कारण ती खोदलेली आहे, पण पाणी पंपाशिवाय स्वतःच्या दाबाने वर येते आणि रात्रंदिवस वाहते. या भागात सॉफ्टवेअर क्षेत्रातील मराठी कुटुंबे भरपूर आहेत आणि आमच्यापैकी काही जण नियमाने तेथून पाणी आणतात. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या की, चहाला आणि वरणाला हेच पाणी हवे असा त्यांचा आग्रह असतो, कारण नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो असे त्यांचे म्हणणे आहे.

रसायनी यांच्या मुद्द्याला येथे उत्तर सापडते असे मला वाटते. ही विहीर पाणीपुरवठा करणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आहे. तीच संस्था पाण्याची नियमित तपासणी करते. पाण्यावर प्रक्रिया होत नाही, म्हणजे त्यात क्लोरीन नाही आणि दातांसाठी घालतात ते फ्लोराइडही नाही, हे सर्वांना माहीत असते. 'नैसर्गिक' या शब्दावर विश्वास ठेवून नव्हे, तर कोणीतरी जबाबदारीने तपासते यावर विश्वास ठेवून लोक पाणी भरतात.

रसायनी

सिएटलकाठ, आपला प्रतिसाद वाचून समाधान वाटले. माझा विरोध झऱ्याला नाही, न तपासलेल्या झऱ्याला आहे. ज्यांच्या परिसरात झरा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो.

पिण्याच्या पाण्यासाठी आपले मानक आय.एस. १०५०० हे आहे. १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हे मैल्यातून येणारे जंतू आढळता कामा नयेत, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम. घरच्या घरी प्राथमिक अंदाज घ्यायचा असेल तर एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवावे, आणि पाणी काळे पडले तर मैलापाण्याच्या संसर्गाची शंका घ्यावी. पाणी काळे पडले नाही म्हणून ते पूर्ण सुरक्षित आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये. झरा गंधकयुक्त असेल तर ही चाचणी फसवी ठरते, हेही कोकणकडा यांनी लक्षात ठेवावे. नायट्रेटची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते वाढलेले असेल तर वरच्या बाजूला शोषखड्डे किंवा खते असल्याची ती खूण असते. नायट्रेट उकळून कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, आणि तान्ह्या बाळांना ते विशेष घातक असते.

नमुना वर्षातून किमान दोनदा घ्यावा, एकदा कडक उन्हाळ्यात आणि एकदा पावसाचे पहिले काही दिवस उलटल्यावर. जांभ्यातल्या झरींच्या बाबतीत पावसाळ्यातला नमुना अधिक बोलका असतो. उन्हाळ्यातला अहवाल चांगला आला म्हणून वर्षभर निश्चिंत राहणे धोक्याचे आहे.

हिशेबी

मला या सगळ्या चर्चेचा व्यावहारिक उपयोग कळत नाही. लाखो लोकांच्या शहराला झरा किती पाणी देणार आहे? महापालिकेचे शुद्ध केलेले पाणी घराघरात येत असताना तपासणी, कुंपण, फलक यांवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याऐवजी तोच पैसा गळत्या थांबवण्यासाठी वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय पाणी चांगले निघाले की तेथे टँकर येऊन उभे राहतात, आणि कळशी घेऊन आलेल्या माणसाला मागे सारले जाते. आमच्या भागातल्या एका झऱ्यावर मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे.

पायवाट

हिशेबी, टँकरबद्दल आपण म्हणता ते अगदी योग्य आहे आणि त्यावर नियम हवेतच. पण झऱ्याची उपयुक्तता केवळ लिटरांत मोजू नये असे मला वाटते. पशुपतिनाथाच्या यात्रेनंतर आम्ही काठमांडूच्या शेजारचे पाटण पाहिले. तेथे दरबार चौकालगत, जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून गेल्यावर मंगा हिटी नावाची पाण्याची जागा लागते. मकरमुखांतून पाणी पडते आणि आजही बायका-पुरुष घागरी घेऊन रांगेत उभे असतात. ही हिटी इ.स. ५७०ची आहे.

त्या खोऱ्यात अशा शेकडो हिटी होत्या. डोंगराकडून कालव्यांनी तळी भरायची, तळ्यांमुळे भूजल भरायचे आणि त्या भूजलावर हिटी वाहायच्या, अशी पूर्ण साखळी लोकांनी उभी केली होती. कालवे तुटले, तळ्यांवर इमारती झाल्या आणि अनेक हिटी आटल्या. म्हणजे झरा आटतो तेव्हा शहराचे संपूर्ण भूजल खाली गेलेले असते. तेच भूजल आपल्या कूपनलिकांतून येते, आणि नळाला पाणी नसते तेव्हा टँकरवालाही तेच विकतो. झऱ्याकडे लक्ष ठेवणे म्हणजे या साठ्याची पातळी दररोज फुकट पाहता येणे होय.

भूजलवेडा

पायवाट यांनी माझ्या मनातले लिहिले. याची उलट बाजूही आशादायक आहे. सिक्कीम सरकारने २००८ मध्ये 'धारा विकास' हा कार्यक्रम सुरू केला. झऱ्याच्या तोंडाशी टाकी बांधण्याआधी त्याला पाणी पुरवणारा उतार कोणता हे भूगर्भशास्त्राच्या मदतीने शोधायचे आणि त्या उतारावर चर खणून पाऊस मुरवायचा, अशी ती पद्धत आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. झऱ्याच्या जागी फरशी, कमान आणि दिवे लावून सुशोभीकरण केले जाते, आणि त्याच वर्षी वरच्या टेकडीवर बांधकामाला परवानगी मिळते.

कायदेपंडित

मालकीचा मुद्दा कोणी काढलेला नाही, म्हणून लिहितो. १८८२च्या इझमेंट (सुविधाधिकार) कायद्यानुसार, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी गोळा करण्याचा आणि वापरण्याचा अधिकार जमिनीच्या मालकाकडे जातो. त्यामुळे झरा सार्वजनिक जागेत असला तरी त्याला पाणी पुरवणारी टेकडी खाजगी असेल तर तिचा मालक तेथे कूपनलिका खणून झरा आटवू शकतो. महाराष्ट्रात २००९चा भूजल अधिनियम आहे, तो २०१४ साली अमलात आला आणि त्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला संरक्षण देण्याची तरतूद आहे. माझा सल्ला असा आहे की, आपल्या भागातील झरा वाचवायचा असेल तर सर्वप्रथम त्याची सार्वजनिक स्रोत म्हणून अधिकृत नोंद करून घेण्याची मागणी लेखी स्वरूपात करावी. नोंदच नसेल तर कायदा कशाचे रक्षण करणार?

आल्तिनोकर

ही चर्चा आमच्या वाड्यातल्या चार-पाच जणांना वाचून दाखवली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात, असे दोन्ही वेळचे नमुने स्वखर्चाने प्रयोगशाळेत द्यायचे आम्ही ठरवले आहे. जंतू आणि नायट्रेट या दोन्ही चाचण्या करून घेऊ आणि अहवाल जसाच्या तसा येथे देऊ. रसायनी, नमुना घेताना बाटली कशी असावी आणि किती वेळात प्रयोगशाळेत पोहोचवावी, हे कृपया सांगाल का?

रसायनी

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली घ्यावी आणि ती घरी विसळू नये. बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला हात लागू देऊ नये. पाणी कुंडातून न घेता थेट धारेतून घ्यावे. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावा. नायट्रेटसाठी वेगळी स्वच्छ बाटली चालेल. पणजीत राहत असल्याने अंतराची अडचण येऊ नये. अहवाल अवश्य द्या, मी वाचून मत सांगेन.

सांजवेळ

मूळ धाग्याकडे परत येते. पुढच्या वर्षी आम्ही इस्तंबूलहून रस्त्याने सोफियाला जाण्याचा विचार करत आहोत. बरोबर माझे वडील असतील आणि त्यांना फार चालवत नाही. हे झरे पाहण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागेल का, आणि पाणी भरायला कोणती बाटली न्यावी?

बाल्कनवासी

सांजवेळ, वेगळा दिवस काढण्याची गरज नाही. सेर्डिका हे मेट्रोचे स्थानक अगदी जवळ आहे आणि विमानतळावरून येणारी मेट्रोही तेथे थांबते, त्यामुळे वडिलांना फार चालावे लागणार नाही. मशीद, मंडई, रोमन अवशेष आणि संग्रहालय हे सगळे त्याच परिसरात असल्याने अर्ध्या दिवसात निवांतपणे पाहून होते.

स्टीलची बाटली आणावी. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून झाकण घट्ट लावले तर पाणी निवताना बाटली आत चेपते, म्हणून झाकण थोडा वेळ सैल ठेवावे. वडिलांना मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर खनिज पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. सकाळी लवकर गेल्यास मोठे कॅन भरणाऱ्यांची रांग असू शकते, पण एखादा पेला भरून घ्यायचा असेल तर हाताने खूण करून विचारावे. मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.